विकतचा अँटिव्हायरस काढून डिफेंडरवर आलो, त्याला आता वर्ष होत आलं

घरचा कॉम्प्युटर कोल्हापूरच्या राजारामपुरीतून असेंबल करून घेतलेला. आय-थ्री, ८ जीबी रॅम, विंडोज ११. मुलाचा कॉलेजचा अभ्यास, बायकोच्या शिकवणीच्या प्रश्नपत्रिका, वडिलांची बँक आणि यूट्यूब, सगळं त्याच्यावरच. दुकानदारानं बिलातच एक अँटिव्हायरस लावून दिला होता. त्याची मुदत संपली तेव्हा रिन्यू न करता तो काढला आणि विंडोजसोबत फुकट येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरसच ठेवला.

त्या विकतच्याचं नाव घेत नाही. व्हायरस पकडण्यात तो कमी पडला असंही नाही. पण मुदत संपत आली तशी कोपऱ्यात रोज लाल पाटी: 'तुमचा संगणक धोक्यात आहे'. शेजारीच व्हीपीएन घ्या, पीसी साफ करून घ्या. वडील दर वेळी घाबरून हाक मारायचे. इशारा कुठला आणि जाहिरात कुठली, हेच घरात कुणाला कळेना, आणि माझ्या मते सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये याहून वाईट खोड नाही.

'फुकटचं ते फुकटचंच' हे डिफेंडरबद्दल आपल्याकडं हमखास ऐकायला मिळतं. पूर्वी त्यात तथ्य होतं. आता जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, वेग आणि वापरातली सोय यांना प्रत्येकी ६ गुण देते, आणि त्यात डिफेंडरनं १८ पैकी १८ अनेकदा मिळवलेत.

आमच्याकडं खरी परीक्षा झाली ती पेनड्राइव्हची. मुलगा झेरॉक्सवाल्याकडून प्रोजेक्टची प्रिंट काढून आला. पेनड्राइव्ह लावला तर आतले सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले, प्रत्येकाची साइज १ केबी. एकावर क्लिक केलं आणि डिफेंडरनं लगेच अडवून फाइल क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळी कोंडून, टाकली. मूळ फोल्डर कुठं गेले नव्हते, व्हायरसनं नुसते लपवलेले. व्ह्यूमध्ये हिडन आणि सिस्टिम फाइल्स दाखवायला लावल्या की दिसले. दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात सांगितलं तर पोरगा म्हणतोय, "काका, आमच्यात व्हायरस न्हाई, अँटिव्हायरस हाय की!" होता खरा, स्क्रीनवर मुदत संपल्याची पाटी घेऊन.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. डिफेंडरचा फुल स्कॅन पेनड्राइव्ह आपणहून तपासत नाही. त्याच्यावर राइट क्लिक करून वेगळा स्कॅन करावा लागतो. आमच्यात आता बाहेरून आलेल्या पेनड्राइव्हला हे सक्तीचं आहे.

दुसरं म्हणजे 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस'. रॅन्समवेअरपासून, म्हणजे फाइल्स लॉक करून पैसे मागणाऱ्या व्हायरसपासून, फोल्डर राखायची ही सोय मुळात बंद असते, ती हातानं चालू करायची. अनोळखी प्रोग्रॅमला मग डॉक्युमेंट्समध्ये लिहिता येत नाही. त्रासही झाला. बायकोचं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर प्रश्नपत्रिका सेव्ह करू देईना, नुसता एरर. त्याला परवानगीच्या यादीत टाकलं आणि सुटलो. दुसरा अँटिव्हायरस टाकला की मात्र ही सोय चालत नाही.

विंडोज अपडेट मी आता थांबवत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरनं जगभर कॉम्प्युटर लॉक केले, तेव्हा त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेला होता. विंडोज १० वाल्यांचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तिथं नुसत्या अँटिव्हायरसच्या भरवशावर राहू नका.

उणिवा आहेतच. साध्या हार्डडिस्कवर फुल स्कॅन लागला की मशीन रडायला लागतं, म्हणून तो रात्री लावतो. धोक्याच्या वेबसाइट अडवणारी डिफेंडरची स्मार्टस्क्रीन मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये नीट चालते, क्रोम स्वतःचीच यंत्रणा वापरतो. आणि वडिलांच्या स्क्रीनवर 'कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा' असं बोंबलणारं पान आलं, ते डिफेंडरनं काही अडवलं नाही. व्हायरस नव्हताच तो, नुसतं फुल स्क्रीन पान. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला आणि संपलं. पैसे गेले असते तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करावा लागला असता. वडिलांना आता ॲडमिन नसलेलं वेगळं खातं करून दिलंय.

मार्केट यार्डात भावाची गुळाची अडत आहे, तिथं मात्र मी विकतचाच ठेवायला सांगितलंय. तीन मशीन, टॅलीचा हिशोब आणि दिवाणजी बदलत राहतात. यूएसबीला पासवर्ड आणि सगळ्या मशीनवर एका जागेवरून नजर, हे फुकटच्या डिफेंडरमध्ये मिळत नाही. बॅकअपची हार्डडिस्क तेवढी तिथंही रोज काढून घरी न्यायला लावलीय.