सावित्रीकाठची सायकल टूर : रूट एक नंबर, सायकल मात्र…

महाड ते बाणकोट दोन दिवसांची टूर भाड्याच्या सायकलवर करून आलो. आयोजकाचं नाव नाही घेत, पण सायकल देताना मागचा ब्रेक घासतोय हे सांगितलेलं, तरी 'चालतंय हो दादा' म्हणून तीच गळ्यात मारली, आणि पंक्चर किट मागितल्यावर नुसता पंप हातात दिला. साडेतीन स्टार त्यामुळेच.

रूटला मात्र पाचपैकी पाच. सकाळी चवदार तळ्यावर थांबलो, 1927 चा सत्याग्रह झाला ते हेच, मग हायवेला लागूनच गांधारपाल्याची बौद्ध लेणी, पायऱ्यांनी दम निघतो पण वरून सावित्रीचं खोरं काय दिसतं राव! हायवेचा तुकडा ट्रकमुळे नकोसा, तो पहाटे उरकून टाका. 2016 च्या पुरात वाहून गेलेल्या पुलाची आठवण तिथे येतेच.

खरी मजा म्हाप्रळच्या पुढे. एका बाजूला खाडी, एका बाजूला आंबा-काजूच्या बागा, रस्ता सारखा वरखाली, त्यामुळे गिअर नसलेली सायकल घेऊच नका. बाणकोटचा किल्ला छोटाच, जांभ्यातला, आंग्र्यांनी त्याला हिम्मतगड म्हटलं, इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया, तटावरून खाडीचं मुख बघत अर्धा तास नुसतं बसून राहिलो.

वेसवीहून फेरीबोटीत सायकल चढवून बागमांडल्याला उतरता येतं, पुढे हरिहरेश्वर. मे महिन्यात जाऊ नका, घामाने भिजाल. पुढच्या वेळी स्वतःची सायकल नेणार.