स्टिकरवर २३० लिहिलं होतं म्हणून ट्यूब अ‍ॅम्प घेतला, त्याची गोष्ट

परवा रात्री सेकंडहँड गिटार गिअरच्या जाहिराती बघत होतो आणि एका फोटोवर अंगठा थांबला. अ‍ॅम्प वेगळा होता, ब्रिटिश, शंभर वॅटचा हेड (म्हणजे स्पीकर वेगळा लावावा लागतो), पण मागचा पडदा तोच, पिवळा, त्यावर मोठी तपकिरी पानं, आणि खाली तीच ठिपक्यांची मोझॅक फरशी. वर लिहिलंय "अर्जंट सेल, गावी शिफ्ट होतोय, सिरियस लोकांनीच फोन करा". दीड वर्षापूर्वी हेच वाचून मी पुण्याहून ठाण्याला गेलो होतो आणि ९२ हजार देऊन आलो होतो. इतके दिवस लिहिलं नाही कारण लिहायला बसलं की त्रास व्हायचा, पण तो माणूस अजून विकतोय म्हटल्यावर गप्प बसवत नाही. लांब होईल, पण ज्याला जुना ट्यूब अ‍ॅम्प घ्यायचाय त्याने पूर्ण वाचा.

माझा होता फेंडर '६५ डिलक्स रिव्हर्ब, रीइश्यू, म्हणजे जुन्या मॉडेलची कंपनीनेच काढलेली नवी आवृत्ती. २२ वॅट, १२ इंची एक स्पीकर, मागे दोन ६व्ही६ जातीच्या पॉवर ट्यूब (जुन्या व्हॉल्व्ह रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या), एक रेक्टिफायर ट्यूब (एसीचा डीसी करणारी), बाकी छोट्या प्रीअ‍ॅम्प ट्यूब. कॉलेजपासून हा आवाज डोक्यात होता. नवा घ्यायचा तर आपल्याकडे ड्युटी वगैरे धरून परवडत नव्हता, म्हणून चार वर्ष थोडे थोडे बाजूला टाकले होते. हे सांगतोय कारण असा माणूस समोर आला की विकणाऱ्याला लगेच कळतं, आणि मी तर फोनवरच त्याला सांगून बसलो होतो की दादा, मी खूप दिवस हाच शोधतोय.

संध्याकाळी सात वाजता गेलो. माणूस बोलायला एकदम गोड, चहा आला, उदबत्ती लावलेली होती, मला तर घर प्रसन्न वाटलं. अ‍ॅम्प माझ्यासमोर थंड सुरू केला, तेही मला बरंच वाटलं कारण लपवायचं असतं तर आधीच सुरू करून ठेवला असता असं मी धरून चाललो. वाजवायला एक ओव्हरड्राइव्ह पेडल लावून दिलं आणि व्हॉल्यूम तीनच्या वर जाऊ दिला नाही, "दादा, खालचे आजोबा आजारी आहेत". पंधरा वीस मिनिटं वाजवलं. आवाज मस्त. अ‍ॅम्पची पाठ पूर्ण वेळ भिंतीला. शेवटी मीच म्हटलं मागे बघू का, तर त्याने तो थोडा फिरवला, मोबाइलचा टॉर्च मारला आणि स्टिकरवर बोट ठेवलं, २३० व्होल्ट. "इंडियाचाच आहे, कन्व्हर्टरचं झंझट नाही."

आणि त्याच वेळी माझ्या डोळ्यासमोर वायरच्या टोकाला अमेरिकन प्लग होता, दोन चपट्या पिना आणि एक गोल, त्यावर चाळीस पन्नास रुपयांचा मल्टीप्लग चढवलेला. मी तो बघितला. बघून सोडून दिला. आज कोणी मला एकच गोष्ट विचारली तर मी हीच सांगेन, प्लग बघा. कंपनीतून आलेल्या वायरला अमेरिकन मोल्डेड प्लग असेल तर तो अ‍ॅम्प १२० व्होल्टचा म्हणून जन्माला आलाय, मग स्टिकर काहीही म्हणू दे. आपल्याकडे फिरणारे बरेचसे असे अ‍ॅम्प कोणीतरी अमेरिकेहून परत येताना आणलेले असतात, त्यात काही वाईट नाही, चांगला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर (२३० चे १२० करणारा) लावला की वर्षानुवर्ष चालतात. प्रॉब्लेम तेव्हा होतो जेव्हा कोणीतरी एक दिवस घाईत तो थेट भिंतीच्या २३० मध्ये घालतो.

घरी आणल्यावर दोन दिवस हळू आवाजात वाजवला. तिसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला नेला, व्हॉल्यूम पाच साडेपाच, साधारण पस्तीस चाळीस मिनिटं झाली असतील आणि वास यायला लागला, गरम व्हार्निशचा, मिक्सरची मोटर जळताना येतो तसा. ड्रमर म्हणाला अरे मागे बघ. वाकून बघितलं तर एका ६व्ही६ च्या आतली राखाडी प्लेट मधोमध लाल झाली होती. ट्यूबच्या खालच्या भागात फिलामेंटचा नारिंगी उजेड असतो तो नॉर्मल आहे, तो बघून घाबरू नका, पण बाहेरची धातूची प्लेटच तापलेल्या तव्यासारखी लाल दिसली की तिथल्या तिथे बंद करायचं. मी बंद केला. ट्रान्सफॉर्मरला हात लावला तर चटका बसला. उदबत्ती का लावली होती ते मला त्या क्षणी कळलं.

दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेत ओळखीच्या एका काकांकडे नेला. त्यांनी आयुष्यभर व्हॉल्व्हचे रेडिओ आणि जुने पीए अ‍ॅम्प दुरुस्त केलेत. चेसिस बाहेर काढल्यावर त्यांनी आधी रेझिस्टर लावून कपॅसिटर रिकामे केले, मीटरवर शून्य आल्याशिवाय बोट लावलं नाही, आणि चालू अ‍ॅम्पवर रीडिंग घेताना डावा हात पूर्ण वेळ खिशात. मी विचारलं तर म्हणाले, दोन्ही हात आत असले तर करंट छातीतून जातो. इथे एक गोष्ट सगळ्यांना सांगतो, प्लग काढल्यावरही ह्या अ‍ॅम्पच्या कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो, त्यामुळे यूट्यूब बघून कोणी उघडायला जाऊ नका.

मग त्यांनी ट्रान्सफॉर्मरकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, हा तर भरलेला आहे." म्हणजे लोकल वाइंडिंग. मूळचा जळलेला, त्याच्या जागी कोणीतरी इथेच गुंडाळून घेतलेला. चेसिसची भोकं जुळत नव्हती म्हणून कानशीने वाढवलेली, कडेला धातूचा चुरा तसाच, वायरींचे जोड काळ्या इन्सुलेशन टेपचे. हीटरला (ट्यूबच्या त्या नारिंगी फिलामेंटला) ६.३ व्होल्ट पाहिजेत, तिथे ७.४. प्लेटवर ह्या मॉडेलला साधारण ४१५ च्या आसपास असतात, आमच्याकडे ४८० च्या वर. ६व्ही६ ट्यूब तशी नाजूक, जुन्या डेटाशीटमध्ये तिची मर्यादा साडेतीनशेच्या आत दिलेली असते, फेंडरने तिला मुळातच ताणून वापरलंय, त्यात अजून साठ सत्तर व्होल्ट वाढले तर ती लाल होणारच. दोन पॉवर ट्यूब दोन वेगळ्या मेकच्या, एकीवरचं नाव पुसलेलं. सॉकेटजवळचा एक रेझिस्टर जळून कोळसा. आणि फ्यूज. काकांनी फ्यूज होल्डर उघडला आणि काही न बोलता माझ्या तळहातावर ठेवला. आतली काच काळी पडलेली, म्हणजे फ्यूज कधीच उडालेला, आणि त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी नीट घट्ट गुंडाळलेली. फ्यूज ओरडून सांगत होता की आत शॉर्ट आहे, तर त्याचं तोंड बंद करून तो अ‍ॅम्प माझ्या घरात पाठवला होता, जिथे माझी पाच वर्षांची मुलगी आहे. पैशाचं दुःख कमी झालं, ह्या गोष्टीचा राग अजून जात नाही.

स्टिकरच्या खाली नखाने खरवडलं तर छापलेलं १२० व्होल्ट ६० हर्ट्झ दिसलं.

मल्टीप्लगचं अजून एक. बहुतेक स्वस्त मल्टीप्लगमध्ये अर्थची पिन आत कशालाच जोडलेली नसते, आणि काही लोक तर हम (स्पीकरमधली घरघर) घालवायला अर्थची पिन कापूनच टाकतात. अर्थ नसलेल्या अ‍ॅम्पला गिटार आणि तोंडासमोर माइक म्हणजे तार आणि ओठ ह्यांच्यामध्ये तुम्ही. १९७२ मध्ये स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी वेल्समधल्या स्वानसीला स्टेजवर अर्थ नसलेल्या माइकला हात लावल्यावर शॉक बसून गेला, २७ वर्षांचा होता. अर्थ कापलेला अ‍ॅम्प कितीही स्वस्त मिळाला तरी आधी वायर बदला मग गिटार लावा.

आता मी कोणाबरोबर बघायला जातो तेव्हा काय करतो ते सांगतो. आधीच फोनवर सांगायचं की एक तास वाजवणार, त्यातली दहा मिनिटं मोठ्याने, जमत नसेल तर कुठल्यातरी जॅमरूममध्ये भेटू, भाडं मी देतो. इथेच अर्धे लोक गळतात. पेडल न लावता थेट केबल. आधी गिटार काढून व्हॉल्यूम वाढवायचा आणि ऐकायचं, थोडी सळसळ चालते, पण जाड घरघर आली तर लक्ष द्या, आपली लाइन ५० हर्ट्झची आहे आणि रेक्टिफायरनंतर ती १०० होते, त्यामुळे १०० ची खरखरीत बझ म्हणजे बहुधा फिल्टर कपॅसिटर संपलेत, ते पंधरा वीस वर्षात वाळतातच, तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. पेन्सिलच्या रबराने प्रत्येक छोट्या ट्यूबला हलकी टिचकी, स्पीकरमधून टणटण आवाज आला तर ट्यूब मायक्रोफोनिक, म्हणजे धक्क्याचाही आवाज उचलणारी, ती बदलता येते, घाबरायचं कारण नाही. पॉट (व्हॉल्यूम वगैरे नॉबच्या मागचा भाग) खरखरतात ते तर शंभर रुपयांच्या क्लीनरचं काम. मग खोलीतला लाइट बंद करून मागून पॉवर ट्यूब बघायच्या, अंधारातच प्लेटची लाली दिसते. फ्यूज बाहेर काढून आकडा मागच्या पॅनलवर छापलेल्या आकड्याशी जुळवायचा. ट्रान्सफॉर्मरच्या नटबोल्टवरचा रंग उडालाय का, बाजूला नवीन ओरखडे आहेत का, हे टॉर्चने बघायचं. स्पीकरची वायर काढून कधीही सुरू करू द्यायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि मल्टीमीटरने ८ ओहमचा स्पीकर सहा सातच्या आसपास दिसला तर बरोबर आहे, मीटर खराब नाही.

ज्यांना साठच्या दशकातला ओरिजिनल घ्यायचाय त्यांच्यासाठी थोडं वेगळं. माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, त्याला कोणीतरी "१९६६ चा ब्लॅकफेस" (पुढे काळी पट्टी असलेला जुना फेंडर) देत होता, त्याने फोटो पाठवले. आत चिकटवलेल्या ट्यूब चार्टवर (कुठे कुठली ट्यूब ते सांगणारा कागद) पीएच शिक्का. फेंडरमध्ये पहिलं अक्षर वर्ष, ए म्हणजे १९५१, म्हणून पी १९६६, दुसरं महिना, एच ऑगस्ट. तोपर्यंत सगळं बरोबर. मी म्हटलं पॉटच्या पाठीचा फोटो मागव. आला, १३७७२१५. १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ७२ वर्ष, १५ वा आठवडा. आणि एक नाही, सगळे पॉट तसेच. म्हणजे १९७२ चा सिल्व्हरफेस (चंदेरी पट्टीचा), वर काळी पट्टी आणि आत जुना कागद चिकटवलेला. त्याने घेतला नाही.

माझं पुढे काय झालं, तर फोन ब्लॉक. पैसे यूपीआयने त्याच्या "बायकोच्या" नावावर गेलेले, काही रोख. पोलिसांत अर्ज दिला, पण माझ्याकडे ना बिल ना लेखी एक ओळ, त्यामुळे पुढे सरकलं नाही. आता कोणालाही सांगतो की पैसे समोरच्याच्याच नावाच्या खात्यात, सिरियल नंबर आणि व्होल्टेज लिहिलेला सहीचा कागद, आणि त्याच्या तोंडून "ट्रान्सफॉर्मर ओरिजिनल आहे" हे व्हिडिओवर. खरं बोलणारा माणूस ह्याला नाही म्हणत नाही. काकांनी २३० चा योग्य ट्रान्सफॉर्मर मागवून, कपॅसिटर, मॅच पेअर (मोजून जुळवलेल्या दोन) ट्यूब, सगळं घालून दिलं, ३६ हजार गेले, म्हणजे एकूण एक लाख अठ्ठावीस.

त्या शंभर वॅटच्या हेडच्या जाहिरातीत फक्त पुढून काढलेले चार फोटो आहेत, मागचा एकही नाही. ठाणे मुंबईकडचं कोणी बघायला जाणार असेल तर आधी मला कळवा, पडद्याचा माझ्याकडचा जुना फोटो पाठवतो. आणि पुण्यात कोणीही कुठलाही ट्यूब अ‍ॅम्प बघायला जाणार असेल तर रविवारी मी मोकळा असतो, मीटर आणि टॉर्च घेऊन येतो.