शहरात काय काढावं: ब्रुअरी, डिस्टिलरी की वाइनरी?

हा प्रश्न घेऊन येणारे बहुतेकजण आधी स्वतःला काय प्यायला आवडतं ते सांगतात. ते बाजूला ठेवा. आवड पहिल्या महिन्यापुरती. पुढे रोज गाठ पडते ती फरशी, गटार, भाड्याची तारीख आणि परवान्याची फाइल यांच्याशी. तिन्हीकडे यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं, इथवर सगळं सारखंच. माल विकायला कधी बाहेर पडतो, इथे मात्र वाटा फुटतात.

बिअरचं गणित सर्वात सोपं. भरडलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) साधारण ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर भिजवायचं, गाळलेलं पाणी हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) घालून तासभर उकळायचं, गार करून यीस्ट टाकायचं. एल जातीची बिअर दोन-तीन आठवड्यांत ग्लासात येते. लागरला थंडाव्यात मुरायला महिना-दीड महिना लागतो. एखादा घाणा बिघडला तरी नुकसान पंधरवड्याचं. चूक लवकर कळते आणि लवकर सुधारता येते. नवख्या माणसाला याहून मोठी सवलत दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळत असेल असं वाटत नाही.

वाइनचं उलट. बहुतेक द्राक्षप्रदेशांत सुगी वर्षातून एकदाच येते, म्हणजे वीस वर्षं धंदा केलात तरी हाताखालून वीसच हंगाम जातात. त्या काही आठवड्यांत झोप नसते आणि उरलेलं वर्ष टाक्या, पिंपं, चाचण्या, वाट पाहणं. लाल वाइन सालांसकट एक-दोन आठवडे आंबते, पांढरी १२ ते १८ अंशांवर त्याहून सावकाश. बाटलीमागे किलो-सव्वा किलो द्राक्षं धरा. २२५ लिटरच्या एका पिंपातून बाटल्या निघतात ३००, म्हणजे शहरातल्या गाळ्यात दहा पिंपं ठेवली तरी वर्षाचा माल तीन हजार बाटल्या. या आकड्यावर भाडं निघतं का, ते कागदावर मांडून बघा. व्हिएन्नाच्या हद्दीत सुमारे ६०० हेक्टर द्राक्षमळे आहेत खरे, पण अशी शहरं अपवाद. बाकी बहुतेक ठिकाणी द्राक्षं बाहेरून येणार, आणि ट्रक चार तास उन्हात अडकला की फळ वाटेतच आंबायला लागणार.

डिस्टिलरीत दोन वेगळे धंदे एका नावाखाली चालतात, आणि बरेचजण इथेच फसतात. जिन किंवा व्होडका आज गाळली तर थोड्याच दिवसांत बाटलीत भरता येते. व्हिस्कीचं तसं नाही. स्कॉचला कायद्यानेच ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं काढावी लागतात आणि स्कॉटलंडच्या थंड हवेतही दरवर्षी सुमारे २ टक्के माल नुसता उडून जातो. उष्ण हवेत त्याहून जास्त. म्हणून छोटे डिस्टिलर जिन विकून व्हिस्की सांभाळतात. ज्याला फक्त व्हिस्कीच करायची आहे, त्याने पहिली तीन वर्षं घर कशावर चालणार याचं उत्तर आधी घरच्यांना द्यावं.

आता जागा. मी एका छोट्या ब्रुअरीत काही महिने हाताखाली काम केलं. तिथल्या फरशीचा उतार गटाराच्या उलट बाजूला होता. रोज संध्याकाळी मॅश टनमधला, म्हणजे माल्ट भिजवायच्या टाकीतला, वाफाळता चोथा फावड्याने ओढून काढायचा आणि मग दोघांनी वायपर घेऊन पाणी चढावर ढकलायचं. बिअर करणं म्हणजे निम्म्याहून जास्त धुणंच. छोट्या ब्रुअरीत लिटरभर बिअरमागे पाच-सात लिटर पाणी सहज जातं. शंभर लिटरमागे वीसेक किलो ओला चोथा निघतो आणि तो एक-दोन दिवसांत आंबट वास मारायला लागतो. गुरांसाठी कुणी उचलणारा ठरलेला नसेल तर तुमच्याआधी शेजारी तक्रार करतील. वाइनरीचा कचरा हंगामापुरताच, एवढा तिचा फायदा.

डिस्टिलरीचा स्पेंट वॉश, म्हणजे अल्कोहोल काढून घेतल्यावर उरलेलं पाणी, सगळ्यात जड. निव्वळ अल्कोहोल लिटरभर निघतं तेव्हा मागे आठ ते पंधरा लिटर गरम, आम्लधर्मी पाणी उरतं, आणि प्रक्रिया केल्याशिवाय ते शहराच्या गटारात सोडता येत नाही. पिंपं मुरत ठेवलीत तर आणखी एक गंमत. हवेत उडालेल्या अल्कोहोलवर वाढणारी काळी बुरशी आसपासच्या भिंती काळ्या करते. फ्रान्समधल्या कोन्याकमध्ये १८७२ सालीच तिची नोंद झाली, आणि नोंद करणाऱ्या बोदँ यांच्यावरूनच पुढे तिला बोदुआनिया हे नाव मिळालं.

पण डिस्टिलरीबद्दल मी खरा सावध होतो तो आगीमुळे. ४० टक्के अल्कोहोलच्या स्पिरिटची (गाळलेल्या दारूची) वाफ २६ अंशांच्या आसपासच ठिणगीने पेट घेऊ शकते. अल्कोहोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली सरपटत जाते आणि हवेत ३.३ ते १९ टक्क्यांच्या दरम्यान असली तर ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून विजेची उपकरणं ठिणगीरोधक लागतात आणि वर कुणी राहत असलेली जागा मिळणं जवळपास अशक्य होतं. डब्लिनमध्ये १८७५ साली गोदामातली व्हिस्की पेटून रस्त्यावरून वाहिली. तेव्हा १३ जण गेले, तेही आगीने नव्हे, वाहती व्हिस्की पिऊन. लंडनमध्ये १८१४ साली बिअरचं २२ फुटी पिंप फुटलं आणि लोंढ्यात ८ जण गेले. म्हणजे बिअरही अगदी निरुपद्रवी नाही. आज ब्रुअरीत आणि वाइनरीत खरी भीती कार्बन डायऑक्साइडची. लिटरभर द्राक्षरस आंबताना पन्नासेक लिटर वायू सोडतो आणि तो तळघरात, टाकीत खाली साचून राहतो. वायू मोजल्याशिवाय टाकीत उतरायचं नाही, आत पडलेल्याला ओढायलासुद्धा नाही.

परवान्याचे नियम देशागणिक बदलतात, तरी एक चढण बहुतेक ठिकाणी दिसते. वाइन आणि बिअरला सरकार त्यामानाने सैल असतं, स्पिरिटवर करडी नजर. कारण साधं, थोड्याशा मालात भरपूर शुल्क दडलेलं असतं. ब्रिटनमध्ये १८ हेक्टोलिटरपेक्षा (१,८०० लिटर) लहान भट्टीला परवाना नाकारण्याचा अधिकार कर खात्याकडे होता. सिपस्मिथ या जिन कंपनीने भांडून २००९ साली लंडनमध्ये छोटी तांब्याची भट्टी सुरू केली, तेव्हा कुठे बाकीच्यांना वाट मिळाली. आणि बनवण्याचा परवाना म्हणजे तिथेच ग्लास भरून विकण्याचा परवाना असं समजू नका. छोट्या ब्रुअरीचं पोट नळाखालच्या ग्लासावरच चालतं, त्यामुळे हा दुसरा कागद मिळणार नसेल तर ब्रुअरीचा माझा सगळा युक्तिवाद कोसळतो.

हातच्या कौशल्यात मात्र डिस्टिलरीसारखी मजा नाही, हे कबूल करतो. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणजे अस्सल, पण खरा डिस्टिलर तीच पहिली धार बाजूला काढतो. नेलपॉलिशसारखा तिखट वास येतो तिला. मग वास हळूहळू गोडसर, स्वच्छ होतो, तो भाग ठेवायचा. पुढे ओल्या पुठ्ठ्यासारखा वास यायला लागला की भांडं बदलायचं. घड्याळ, थर्मामीटर सगळं असतं, पण शेवटचा निर्णय नाकाचा.

एवढं असूनही भाड्याच्या जागेत, मर्यादित पैशात सुरुवात करणाऱ्याला मी ब्रुअरीच सांगेन. स्वतःची एकमजली, सुटी जागा असेल आणि आधी जिन विकायची तयारी असेल, तर डिस्टिलरी. वाइनरी त्याने काढावी, ज्याचा द्राक्षवाला नात्यातला आहे किंवा ज्याला दुसरं उत्पन्न आहे. काहीही ठरवा, करारावर सही करण्याआधी अग्निशमनवाल्यांना जागा दाखवा, आणि मालकासमोरच फरशीवर बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं ते बघा.