सॅटेलाइट रिसिव्हर: समोरच्या पॅनेलवरून चालवायचा की ब्राउझरमधून?

रॅकमध्ये बसणारा कमर्शियल सॅटेलाइट रिसिव्हर, म्हणजे डिशकडून आलेल्या सिग्नलमधून वाहिन्या बाहेर काढणारं यंत्र, घ्यायची वेळ आली की दोन तऱ्हा समोर येतात. एकीला समोर छोटा स्क्रीन, बाणांची बटणं आणि मेनू असतो. दुसरीला नुसते दोन-चार दिवे असतात आणि बाकी सगळं ब्राउझरमधून करायचं असतं. मी दोन्ही प्रकार बरीच वर्षं हाताळतो आहे. पॅनेल असलेलाच घ्या, पण रोजचं काम त्या पॅनेलवरून करू नका, असं माझं ठाम मत आहे. यातल्या पहिल्या भागावर लोक सहसा वाद घालतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

नवा रिसिव्हर खोक्यातून बाहेर काढला की तुमच्या नेटवर्कमध्ये त्याची ओळख नसते. कारखान्यातून आलेला आयपी पत्ता वेगळ्याच मालिकेतला असतो. पॅनेल असेल तर नेटवर्कच्या मेनूत जाऊन पत्ता, सबनेट मास्क आणि गेटवे भरायला दोन मिनिटं लागतात. पॅनेल नसेल तर लॅपटॉपचा पत्ता बदलून थेट केबल जोडायची, पान उघडायचं, पत्ता बदलायचा आणि मग लॅपटॉप पुन्हा मूळ पत्त्यावर आणायचा. हेही जमतं. पण जुना, कुणीतरी आधी वापरलेला रिसिव्हर हाती आला आणि त्याचा पत्ता कुणालाच ठाऊक नसला, तर दिवेवाल्या मॉडेलवर बहुतेक वेळा फॅक्टरी रीसेट हाच मार्ग उरतो आणि आधीची सगळी सेटिंग्ज जातात. पॅनेलवर तोच पत्ता नुसता वाचता येतो.

आता सिग्नल पकडण्याचं काम. पॅनेलवर संपादनाची रीत साधारण सगळीकडे सारखी असते. मेनूतली ओळ गाठायची, एंटर दाबायचं, एका अंकाखाली कर्सर लुकलुकतो. डाव्या-उजव्या बाणाने अंक बदलायचा नसून कर्सर सरकवायचा असतो. आकडा वर-खाली बाणाने बदलतो. शेवटी पुन्हा एंटर. नवखी माणसं इथेच फसतात: आकडा बरोबर लावतात आणि मागे जाण्याचं बटण दाबतात. रिसिव्हर जुनाच आकडा धरून बसतो आणि माणूस डिशकडे धावतो. म्हणून आकडा भरल्यावर त्याच ओळीवर परत येऊन तो वाचून घ्यायची सवय लावा.

भरायचं काय, हे मात्र पॅनेल असो वा ब्राउझर, तुम्हालाच ठाऊक हवं. डिशच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी हा भाग उपग्रहाची फ्रिक्वेन्सी खाली उतरवून एल-बँडमध्ये, म्हणजे साधारण ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पाठवतो. उपग्रहांच्या केयू बँड या पट्ट्यात ११५१० मेगाहर्ट्झवरचा ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचा एक प्रक्षेपक) घ्या: त्यातून एलएनबीच्या लोकल ऑसिलेटरचा ठरलेला आकडा, ९७५०, वजा झाला की तो १७६० वर येतो. सी बँड या खालच्या पट्ट्यात मात्र वजाबाकी उलटी, ऑसिलेटरमधून उपग्रहाची फ्रिक्वेन्सी: ५१५० मधून ३९१० गेले की १२४०. काही रिसिव्हर उपग्रहाची फ्रिक्वेन्सी आणि ऑसिलेटर दोन्ही मागतात, काही थेट एल-बँडचा आकडा. छोट्या स्क्रीनवर या ओळींची नावं इतकी तोकडी असतात की एकाच्या जागी दुसरं भरलं जातं. ब्राउझरमध्ये सगळे रकाने एकाखाली एक दिसतात, त्यामुळे चूक पटकन लक्षात येते. एवढ्यापुरता ब्राउझर सरस आहे.

पण केबल हातात असताना पॅनेलला तोड नाही. कनेक्टर नीट बसवला, की समोरच सिग्नलचा आकडा (सी/एन, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती डेसिबल वर आहे ते) हलतो. डिश जरा फिरवली, एलएनबीचा कोन थोडा बदलला, की कळतं चढला की उतरला. ब्राउझरचं पान ठरावीक सेकंदांनी ताजं होतं. तेवढ्यात हात पुढे गेलेला असतो आणि आपण मागचा आकडा बघत असतो. सिग्नल पकडला एवढंच सांगणाऱ्या ‘लॉक’ दिव्यापेक्षा हा आकडा फार मोलाचा आहे. डीव्हीबी-एस२ या उपग्रह प्रक्षेपणाच्या प्रमाणात ८पीएसके ही सिग्नल रचण्याची पद्धत आणि ३/४ एफईसी (चुका दुरुस्त करण्यासाठी जोडलेल्या जादा माहितीचं प्रमाण) असेल तर सुमारे ७.९ डीबी लागतात, क्यूपीएसके या साध्या पद्धतीत ३/४ ला साधारण ४ डीबी पुरतात. समजा ८पीएसकेवर ८.३ डीबी दिसले. हिरवा दिवा लागेल, चित्रही सुरेख येईल, आणि पहिल्या जोरदार पावसात केयू बँडवर सगळं जाईल. ज्या मॉडेलवर नुसते दिवे आहेत, ते असा जेमतेम लॉक आणि भक्कम लॉक यांतला फरक रॅकजवळ उभ्या माणसाला सांगूच शकत नाही. माझ्या लेखी पॅनेल घेण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे.

दुसरं कारण मला एका रात्रीने शिकवलं. दूरच्या ठिकाणच्या रिसिव्हरचा पत्ता मी ब्राउझरमधून बदलत होतो. सबनेट मास्कच्या शेवटच्या गटात ० ऐवजी २५५ पडलं, मी अप्लाय दाबलं आणि पान गेलं ते गेलंच. रिसिव्हर चालू होता, सिग्नल व्यवस्थित होता, फक्त तो माझ्याशी बोलायला तयार नव्हता. तिथे पहाऱ्यावर असलेल्या माणसाला फोन लावला. त्यांना या यंत्राची काहीच माहिती नव्हती. तरी “खालचा बाण तीनदा, आता एंटर, काय लिहून आलं ते वाचा” असं करत करत आम्ही मास्क दुरुस्त केला. समोर बटणं नसती तर रात्रीच गाडी काढावी लागली असती.

आता पॅनेल जिथे हरतं ते. बिस की, म्हणजे कुलूपबंद प्रक्षेपण उघडण्याची सांकेतिक किल्ली, भरून बघा. बिस-१ ची की १२ अंकांची असते आणि प्रत्येक जागी ० ते ९ किंवा ए ते एफ, असे १६ पर्याय. दोन्ही दिशांनी जवळची वाट धरली तरी एका जागेला सरासरी ४ वेळा बटण दाबावं लागतं. कर्सर सरकवणं धरून एका कीसाठी सुमारे ६० वेळा. थेट प्रक्षेपणाला दहा मिनिटं उरली असताना बी आणि ८ सारखेच दिसणाऱ्या स्क्रीनवर हे करणं म्हणजे जिवाला घोर. बरं, काही रिसिव्हर १२ ऐवजी १६ अंक मागतात, कारण तिथे चौथा आणि आठवा बाइट (दोन अंकांची जोडी) आधीच्या तीन बाइटांच्या बेरजेचा असतो: ११ २२ ३३ च्या पुढे ६६. ब्राउझरमध्ये की नुसती चिकटवायची. अंकांची बटणं असलेलं पॅनेल मिळालं तर त्रास बराच कमी होतो, पण ते सगळ्यांवर नसतं.

दहा रिसिव्हरांवर तीच सेटिंग्ज भरायची असतील, सेटिंग्जची फाइल जपून ठेवायची असेल, ट्रान्सपोर्ट स्ट्रीममधले, म्हणजे एकत्र बांधून आलेल्या वाहिन्यांच्या प्रवाहातले, पीआयडी (चित्र, आवाज अशा प्रत्येक भागाचे ओळखक्रमांक) तपासायचे असतील, तर ब्राउझरच. दोन ओळींच्या स्क्रीनवर वीस सर्व्हिसांची यादी चाळणं शक्य आहे, शहाणपणाचं नाही. रात्री किती वाजता सिग्नल गेला आणि किती वेळ गेला हेही लॉगच्या पानावर एका नजरेत दिसतं. रॅक भरलेले असतील तर एसएनएमपी या नेटवर्कवरून यंत्रांवर नजर ठेवण्याच्या पद्धतीने अलार्म एका जागी आणा. त्याची तुलना पॅनेलशी करण्यात अर्थ नाही.

दोन्ही मार्ग एकाच वेळी उघडे ठेवणं मात्र धोक्याचं. एकदा सहकाऱ्याने पॅनेलवरून सिम्बॉल रेट (सिग्नलचा वेग, जो प्रक्षेपणाशी जुळावा लागतो) बदलला, लॉक मिळवला आणि तो निघून गेला. माझ्या ब्राउझरमध्ये तेच पान आधीपासून उघडं होतं. मी फक्त पोलरायझेशनच्या (सिग्नलच्या लहरींची उभी किंवा आडवी दिशा) शेजारची एक खूण बदलून अप्लाय केलं. पानाने सगळेच रकाने परत पाठवले, जुन्या सिम्बॉल रेटसकट. लॉक गेला. तेव्हापासून पान ताजं केल्याशिवाय मी अप्लायला हात लावत नाही आणि काम झालं की पॅनेलला कुलूप घालतो. पॅनेलवरचा बदल कुणी केला याची नोंद सहसा कुठेच उरत नाही, हेही त्या कुलपामागचं कारण. कुलूप लावलं तरी बहुतेक मॉडेलांवर आकडे वाचता येतात, फक्त बदलता येत नाहीत; आपल्याला तेच हवं असतं.

एक सेटिंग असं आहे की ते बदलताना मी रॅकजवळच उभा राहतो: एलएनबीला जाणारा वीजपुरवठा. रिसिव्हर १३ किंवा १८ व्होल्ट केबलवरून वर पाठवतो आणि त्यावरूनच उभं की आडवं पोलरायझेशन ते ठरतं. एकाच एलएनबीचा सिग्नल स्प्लिटरमधून चार रिसिव्हरांना जात असेल तर व्होल्टेज एकानेच द्यायचं, बाकी तिघांवर ते बंद. घरी बसून चुकीच्या रिसिव्हरचं बंद केलंत तर चारही एकदम आंधळे होतात, आणि कुठली केबल कुठे जाते हे ब्राउझरच्या पानावर लिहिलेलं नसतं.

विकत घेण्याआधी यंत्र चालू करून हाताने बघा. मुख्य स्क्रीनवरून सी/एनच्या आकड्यापर्यंत किती वेळा बटण दाबावं लागतं ते मोजा. दोन-तीनपेक्षा जास्त असेल तर डिश बसवताना वैताग येईल. मेनूत मध्येच थांबून राहा आणि किती वेळाने तो आपोआप मुख्य स्क्रीनवर फेकतो ते पाहा. मुख्य स्क्रीनवर नुसता वर-खाली बाण दाबून सर्व्हिस बदलत नाही ना, हे तपासा. पॅनेलवरून फ्रिक्वेन्सी आणि आयपी दोन्ही बदलता येतात का तेही पाहा, कारण काही पॅनेलं फक्त वाचण्यापुरती असतात. मग एक आकडा बदला, वीज काढा, पुन्हा लावा आणि तो आकडा टिकला का ते बघा. काहींवर जतन करण्याची वेगळी ओळ मेनूच्या तळाशी असते. ती विसरलात तर वीज गेल्यावर जुनी सेटिंग्ज परत येतात, तेव्हा ती ओळ कुठे आहे हे पहिल्याच दिवशी शोधून रॅकच्या दाराला चिकटवून ठेवा.