‘स्टेज टू’ कॅम म्हणून माझाच जुना कॅम घासून बसवला

टर्बो डिझेल गाडीत ‘परफॉर्मन्स कॅमशाफ्ट’ (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट किंवा कॅम, त्याचा ताकद वाढवणारा प्रकार) बसवून घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. पुण्याबाहेर हायवेलगतच्या एका ट्यूनिंगवाल्याने, म्हणजे गाड्यांची ताकद वाढवून देणाऱ्याने, मला या नावाखाली साधारण सव्वा लाखाला गंडवलं. तक्रार ग्राहक आयोगात आहे, म्हणून गॅरेजचं नाव लिहीत नाही. फसवायची पद्धत मात्र सगळी सांगतो, कारण ती कुठल्याही जुन्या डिझेलवर चालेल अशी आहे.

गाडी स्कोडा लॉरा, १.९ टीडीआय. १०५ पीएस (हॉर्सपॉवर) ताकद, २५० न्यूटन मीटर टॉर्क, आठ व्हॉल्व्हचं ‘पीडी’ पद्धतीचं इंजिन. इंजिन दणकट, पण त्याच्या कॅमची गोष्ट वेगळी आहे आणि या फसवणुकीचं मूळ तिथेच आहे. आजकालच्या कॉमन रेल डिझेलमध्ये एक पंप सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवतो. पीडीमध्ये प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा पंप असतो आणि तो दाबायचं काम कॅमशाफ्टकडे. म्हणजे चार सिलिंडरना बारा लोब (कॅमवरचे अंडाकृती उंचवटे), आठ व्हॉल्व्हचे आणि चार इंजेक्टरचे. इंजेक्टरमधला दाब दोन हजार बारच्या घरात जातो. हेडमधली, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातली, जागा वाढत नाही, म्हणून व्हॉल्व्हचे लोब अरुंद ठेवावे लागतात आणि तेवढ्याशा धातूवर भार जास्त येतो. या इंजिनला ५०५.०१ सारखी फोक्सवॅगनची खास मान्यता असलेलंच ऑइल लागतं ते यासाठी. कोणी ‘सगळं डिझेल ऑइल एकच’ म्हणत दुसरं काही ओतलं, की आधी लोबचं टोक झिजतं, मग लोब आणि व्हॉल्व्हच्या मधली वाटी, म्हणजे टॅपेट.

माझ्या गाडीत सकाळी गार इंजिनला टकटक यायला लागली होती. कोल्हापूरचा आमचा नेहमीचा मेकॅनिक म्हणाला, कॅम आता थकलाय, टॅपेट आणि बेअरिंग शेलसकट (कॅम ज्यात फिरतो त्या पट्ट्या) बदलून टाकू. नोकरी पुण्यात असल्यामुळे काम तिथेच उरकायचं ठरलं आणि ओळखीतून या ट्यूनिंगवाल्याचं नाव आलं. माणूस बोलायला गोड. ‘‘दादा, एवढं हेड उघडणारच आहात तर साधा कॅम कशाला? युरोपातनं आलेला बिलेट कॅम पडलाय माझ्याकडं. स्टेज टू. गाडी नुसती उडंल.’’

त्याने एक डायनो आलेखही, म्हणजे इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा कागद, दाखवला. आधीची रेष, नंतरची रेष, मधे पस्तीस बीएचपीचा फरक. तो कागद आता माझ्या तक्रारीला जोडलेला आहे. त्यावर गाडीचा नंबर नाही, तारीख नाही, हवेचं तापमान नाही. आणि सगळ्यात भारी म्हणजे खालचा आरपीएमचा अक्ष सात हजारांपर्यंत गेलाय, पॉवरचं शिखर साडेपाच हजारांच्या पुढे! पीडी इंजिन पूर्ण १०५ पीएस चार हजारांवर देतं आणि साडेचारच्या पुढे त्याच्यात काही उरत नाही. तो आलेख कुठल्यातरी पेट्रोल गाडीचा होता.

गाडी हातात आली तेव्हा खरंच पळत होती. खंबाटकीच्या चढाला चौथ्या गिअरमध्ये असं खेचत होती की कोणाचीही खात्री पटावी. मागे काळा धूर दिसायचा, त्यावर उत्तर ‘कॅम सेट व्हायला थोडा वेळ लागतो’. धूर थांबला नाही. काही आठवड्यांत टकटक परत आली, ती आता गरम इंजिनलाही. आयडलला गाडी थरथरायला लागली. फोन केला की ‘शेठ बाहेर गेलेत’.

शेवटी गाडी कोल्हापूरला नेली. आमच्या मेकॅनिकने आधी स्कॅनर लावला. बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, कंपनीच्या आकड्यापेक्षा बराच जास्त मागितला जात होता आणि डिझेलही जास्त सोडलं जात होतं. म्हणजे ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) रिमॅप केलेला होता, आतली आकडेवारी बदललेली होती. मला याबद्दल एक अक्षर सांगितलेलं नव्हतं, पावतीवरही नव्हतं. त्याने मूळ फाइल परत टाकली आणि चक्कर मारून आलो, तर ‘कॅमची ताकद’ गायब. लॉरा पहिल्यापेक्षाही मंद.

सगळी युक्ती या एका गोष्टीत आहे. टर्बो डिझेलला जोर येतो तो हवा आणि डिझेल वाढवल्याने, आणि ते काम लॅपटॉपवरून तासाभरात होतं. गिऱ्हाइकाला पाठीला धक्का जाणवला की त्याच्या मनात तो धक्का सव्वा लाखाच्या कॅमच्या नावावर जमा होतो.

डिझेलला कॅम बदलून मुळात किती फायदा, हेही कळायला हवं. पेट्रोलवाल्यांच्या रेसिंग कॅममध्ये इनटेक (हवा आत घेणारा) आणि एक्झॉस्ट (जळका वायू बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह काही काळ एकदम उघडे राहतात, त्याचा फायदा वरच्या आरपीएमला होतो. टर्बो डिझेलमध्ये बऱ्याचदा एक्झॉस्टच्या बाजूचा दाब इनटेकपेक्षा जास्त असतो, त्यामुळे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे ठेवले तर जळका वायूच उलटा आत येतो. शिवाय डिझेलचं कॉम्प्रेशन मोठं, व्हॉल्व्ह सरळ खाली उतरणारे, आणि पिस्टन अगदी वर आलेला असताना मधलं अंतर फारच थोडं. त्या वेळी व्हॉल्व्ह जास्त उघडा राहिला तर पिस्टनवर आपटणार. म्हणून डिझेलसाठी खरे कॅम बनवणारे लोक आहेत, पण ते फार जपून थोडासाच बदल करतात, आणि त्याचा उपयोग मोठा टर्बो, मोठे इंजेक्टर असं सगळं केलेल्या गाडीला. रोज ऑफिसला जाणाऱ्या लॉराला नाही. हे ट्यूनिंगवाल्याला माहीत नसेल असं मला अजिबात वाटत नाही.

मग टॅपेट कव्हर उघडलं. कॅम चकाचक. आमच्या मेकॅनिकला ती चकाकीच खटकली. तो म्हणाला, नवा कॅम असा आरशासारखा चमकत नाही, हा कुणीतरी बफवर धरलाय. काढून उद्यमनगरात नेला. तिथे क्रँक आणि कॅम ग्राइंडिंगमध्ये हयात घालवलेले एक नाना आहेत. त्यांनी कॅम हातात घेऊन फिरवला आणि चहा सांगितला. ‘‘पाहुणं, हे बिलेट म्हणून दिलं व्हय तुम्हाला? ह्ये तर ओतीव हाय.’’ लोबांच्या मधल्या न घासलेल्या भागावर ओतकामाची शिवण स्पष्ट होती. बिलेट म्हणजे अखंड सळईतून कातलेला, त्याला शिवण येईल कुठून?

मायक्रोमीटर लावल्यावर उरलंसुरलं उघड झालं. लोबची टोकापासूनची उंची वजा गोल भागाचा व्यास, म्हणजे ढोबळमानाने लिफ्ट, व्हॉल्व्ह किती उघडतो ते. चारही इनटेक लोबची ती सारखी पाहिजे. इथे दोन लोबांत मिलिमीटरभराचा फरक. झिजलेली टोकं घासून गुळगुळीत केली होती, त्यामुळे लिफ्ट वाढायच्या ऐवजी कमी झाली होती, आणि घासताना वरचा कठीण थरही गेला होता. टोकं इतक्या लवकर खाल्ली गेली ती त्यामुळे. टॅपेट जुनेच, बेअरिंग शेल जुने, इंजेक्टर दाबणाऱ्या रॉकरचे बोल्टही तेच, जे या इंजिनला उघडल्यावर नवेच लावायचे असतात. पावतीत ‘फुल किट’ लिहिलेलं आहे.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगतो. जुन्या कॅमवर नवा आकार घासून परफॉर्मन्स कॅम करणं ही जगभर मान्य पद्धत आहे. नीट मोजून, कठीणपणा तपासून आणि सांगून केलं तर त्यात गैर काही नाही. माझ्याकडून पैसे घेतले ते नव्या, आयात केलेल्या बिलेट कॅमचे.

आणि तो कॅम माझाच होता. पूर्वी टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळत होतं तेव्हा आमच्या मेकॅनिकने उघड्या हेडचे फोटो पाठवले होते. तिसऱ्या सिलिंडरच्या लोबशेजारी ओतकामातला एक छोटा खड्डा त्या फोटोत दिसतो. तोच खड्डा, त्याच जागी, ‘युरोपातल्या’ कॅमवर. मग ‘तुमचा जुना’ म्हणून गोणपाटात गुंडाळून डिकीत दिलेला कॅम कोणाचा? गोणपाट सोडून पाहिलं तर त्यावर लोब फक्त आठ. इंजेक्टरचे लोबच नाहीत! तो जुन्या रोटरी पंपवाल्या टीडीआयचा होता, माझ्या इंजिनात बसूच शकला नसता. नानांना हसू आवरेना. मला त्या दिवशी तरी आवरलं.

कोणी असलं काम करून घेणारच असेल तर हेड उघडतानाचा आणि कॅम उचलतानाचा व्हिडिओ स्वतःच्या फोनवर घ्या, जुन्या कॅमवर मार्करने सही करा. नवा कॅम बसवण्याआधी चारही इनटेक आणि चारही एक्झॉस्ट लोब तुमच्यासमोर मोजायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. ‘इंपोर्टेड’ म्हणणाऱ्याकडे जीएसटी बिल मागा. माझे पैसे यूपीआयने भलत्याच नावाच्या खात्यात गेले होते आणि हातात लेटरहेड नसलेली पावती होती, त्यामुळे दुवा जोडायला व्हॉट्सॲपवरचं संभाषण कामी आलं. कामाआधी आणि नंतर ईसीयूची फाइल दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या. न सांगता रिमॅप झाला तर धूर आणि पीयूसी तुमच्या गळ्यात, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आड येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला मालकालाही दंड आहे. ट्यूनिंगवाला त्या वेळी शेजारी उभा नसतो.

तक्रारीसाठी वकील लागतोच असं नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, तिथे काही हललं नाही, मग जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन अर्ज केला. मोबदला, म्हणजे आपण दिलेली रक्कम, पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. नानांनी मोजमापं त्यांच्या वर्कशॉपच्या लेटरहेडवर लिहून दिली, दोन्ही कॅम सीलबंद करून ठेवलेत. समोरच्याने उत्तरात म्हटलंय की कॅम मी बाहेर बदलून घेतला. खड्ड्याचा फोटो त्याने अजून पाहिलेला नाही, तो पुढच्या तारखेला दाखल होईल. लॉरात आता नवा साधा कॅम आहे, नव्या टॅपेट आणि शेलसकट, आणि सकाळची टकटक बंद आहे.