फौंड्रीच्या भोंग्यासाठी डीएस ३२३१ मॉड्यूल: वापरून झाल्यावरचं मत

शिरोली एमआयडीसीतल्या छोट्या फौंड्रींना मी शिफ्टचे ऑटोमॅटिक भोंगे करून देतो. सुट्टीचा भोंगा उशिरा वाजला की तेवढा वेळ कामगार भट्टीपुढं फुकट राबतो. म्हणून पेटीतलं घड्याळ चोख लागतं. पूर्वी मी डीएस १३०७ ही वेळ मोजणारी चिप (आयसी) लावायचो, शेजारी बारीक नळकांड्यासारखा क्रिस्टल. आता सगळीकडं डीएस ३२३१, तशीच घड्याळाची चिप बसवलेलं तयार मॉड्यूल.

त्या नळकांड्यात नादकाट्याच्या आकाराचा क्वार्ट्झचा तुकडा असतो. क्वार्ट्झवर दाब पडला की विद्युतभार तयार होतो, हे जाक आणि पिएर या क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं. उलटंही घडतं: व्होल्टेज दिलं की तो किंचित वाकतो. सर्किट त्याचं कंपन पकडतं, वाढवतं आणि परत त्यालाच देतं, म्हणून तो थांबत नाही. सेकंदाला ३२,७६८ कंपनं. हा आकडा १५ वेळा निम्मा केला की नेमका १ उरतो, तोच आपला सेकंद. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातही हेच चालतं.

अडचण उष्णतेची. असा क्रिस्टल २५ अंशांच्या आसपास सगळ्यात खरा चालतो. त्याहून गरम झाला तरी मागं पडतो, गार झाला तरी मागंच. फरक अंशांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. एप्रिलात भट्टीजवळच्या पत्र्याच्या पेटीत ४५ अंश धरा, दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास गेला. महिन्याला अर्ध्या मिनिटाच्या वर! क्रिस्टलची मूळची चूक आणखी वेगळी.

डीएस ३२३१ मध्ये क्रिस्टल आयसीच्या पोटातच आहे, सोबत तापमापकही. दर ६४ सेकंदांनी तापमान बघून आतले कपॅसिटर कमीजास्त करतो आणि कंपन जागेवर आणतो. ० ते ४० अंशांत दहा लाखांत २ इतकीच चूक, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. ४० च्या वर साडेतीन धरा, तरी पुष्कळ झालं. वीज गेली तरी बटण सेलवर वेळ चालू राहते. किंमत जुन्यापेक्षा जास्त आहे, पण भोंग्याच्या कामाला मी दुसरं काही सुचवणार नाही.

घेताना आयसीवरची अक्षरं वाचा. शेवटी ‘एसएन’ असेल तर आत क्वार्ट्झ. नुसता ‘एम’ असेल तर आत क्वार्ट्झ नाही, सिलिकॉनचा सूक्ष्म कंपक आहे, त्याची चूक दहा लाखांत ५. धक्के तो जास्त सोसतो, त्यामुळं वाईट म्हणणार नाही, पण मला ‘एसएन’च हवा असतो.

सेलचं मात्र नीट ऐका. बाजारात जास्त दिसणाऱ्या निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करायची वाट ठेवलेली असते, ती रिचार्जेबल एलआयआर २०३२ साठी. आपण साधा सीआर २०३२ घालतो, आणि ५ व्होल्टवर तोही चार्ज व्हायला लागतो. तो फुगतो, गळतो. डायोडजवळचा ‘२०१’ लिहिलेला रेझिस्टर सोल्डरिंग गनने काढून टाका, मगच सेल बसवा. गिऱ्हाइकाकडं पेटी लावायच्या आधी हे झालंच पाहिजे, नंतर शिडीवर चढून करायचं काम नव्हे.