घूं आवाज, तिसरी पिन आणि ५९० रुपये: पॉवर अ‍ॅम्पचा दिवाळीपासूनचा अनुभव

पॉवर अ‍ॅम्पला (स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला) जोडलेल्या स्पीकरमधून घूं येते म्हणून बोलावलेल्या सर्व्हिसवाल्याने ५०० रुपये व्हिजिट आणि वर १८ टक्के जीएसटी, असे ५९० रुपये घेतले आणि सल्ला काय दिला? ‘साहेब, प्लगची तिसरी पिन काढून टाका, आवाज जाईल.’ संताप झाला, म्हणून हे सविस्तर लिहितोय. कुणीतरी हा सल्ला ऐकेल याची मला खरोखर काळजी वाटते.

अ‍ॅम्पची माहिती थोडक्यात: क्लास एबी (रचनेचा एक प्रकार), ८ ओहमला चॅनेलमागे १०० वॅट, आत जाडजूड टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराचा, ट्रान्सफॉर्मर, भारतीय बनावट. दिवाळीत घेतला. ताकदीबद्दल तक्रार नाही. माझे स्पीकर ८८ डीबीचे (एका वॅटला एक मीटरवर इतका आवाज देणारे) आहेत आणि खोली लहान, त्यामुळे रोजच्या ऐकण्यात एखाददुसरा वॅटच खर्ची पडतो. उरलेले वॅट पखवाजाच्या थापेसाठी राखीव. लहान अ‍ॅम्प ताणून क्लिप करण्यापेक्षा (ताकद संपून आवाज फाटण्यापेक्षा) हे बरं, कारण ट्वीटर (उंच स्वरांचे छोटे स्पीकर) जळतात ते बहुधा क्लिपिंगमुळेच.

त्रास दिला तो घूं आवाजाने. सिनेमा बघताना ऐकू येत नाही. पण ख्याल लावा. तंबोरा काळी एकला जुळलेला, आणि मागे ५० हर्ट्झची घूं, तिच्या जोडीला १०० हर्ट्झ. काळी एकचा सा धरला तर ही घूं तीव्र मध्यमाच्या जरा वर पडते, म्हणजे तीही बेसूर! यमनात निदान खपवून घेतली असती. भूपात मध्यमच नाही. तो विलंबित आलाप सोसणं मला अशक्य झालं आणि मार्चपर्यंत माझं मत ठाम होतं की अ‍ॅम्पच भिकार आहे, परत करावा.

आता त्या पिनबद्दल. पिन काढली की आवाज खरोखर जातो, आणि धोका नेमका इथेच आहे. अ‍ॅम्पचं धातूचं खोकं या तिसऱ्या पिनेतून अर्थला, म्हणजे जमिनीत गेलेल्या वायरला, जोडलेलं असतं. उद्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं आणि फेज खोक्याला लागली, तर अर्थ असताना मोठा करंट वाहतो आणि फ्यूज किंवा एमसीबी तत्काळ तुटतो. अर्थ नसेल तर काहीच तुटत नाही. खोकं २३० व्होल्टवर शांतपणे बसून राहतं आणि आरसीए केबलच्या (उपकरणं एकमेकांना जोडणाऱ्या सिग्नलच्या वायरच्या) बाहेरच्या धातूच्या जाळीतून तेच व्होल्टेज टीव्हीच्या मागे आणि डीव्हीडी प्लेअरच्या खोक्यावर पोहोचतं. घरात लहान मूल असताना घूं घालवायला हा सौदा कोण करेल? मी त्याला पिनेला हात लावू दिला नाही. तो म्हणाला, ‘सगळीकडे असंच करतो आम्ही.’ हे ऐकून तर जास्तच वाईट वाटलं.

शेवटी शोध मीच घेतला. अ‍ॅम्प बंद करून मागच्या आरसीए काढल्या, मग चालू केला: स्पीकर एकदम गप्प. म्हणजे अ‍ॅम्प निर्दोष! नुसता डीव्हीडी प्लेअर जोडला, तरी गप्प. टीव्ही जोडला आणि घूं हजर. मग सेट-टॉप बॉक्सची केबलवाल्याची कोअ‍ॅक्स वायर उपटली आणि घूं गायब. केबलवाल्याची वायर गच्चीवरून स्वतःचा अर्थ घेऊन येते, अ‍ॅम्पचा अर्थ आपल्या स्विचबोर्डातून. दोहोंच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक असतो, त्याने आरसीएच्या जाळीतून करंट फिरतो, तोच आपल्याला ऐकू येतो. इलाज म्हणजे टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत मिळणारा, डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारा कन्व्हर्टर लावला. ऑप्टिकल केबलमधून प्रकाश जातो, करंट जातच नाही. व्हिजिट चार्जपेक्षा स्वस्तात काम झालं आणि अर्थची पिन जागेवर राहिली.

म्हणून माझं मत पार बदललंय. आता रात्री सामसूम असताना ट्वीटरला कान लावला तर जेमतेम सूं ऐकू येते, बस. या किमतीत ही शांतता म्हणजे कमाल आहे.

स्पीकरमधली घूं आणि खोक्यातली गुरगुर मात्र वेगळी. खोकं मधूनच गुरगुरतं, ते पलीकडच्या खोलीत हेअर ड्रायर अर्ध्या वेगावर चालू असताना. तसल्या ड्रायरमध्ये डायोड असतो, तो वीजेची अर्धी लहरच घेतो, आणि मेन्समध्ये आलेला तो थोडासा डीसी (एकाच दिशेचा करंट) टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरला सोसत नाही. ड्रायर बंद, गुरगुर बंद. यासाठी कुणी सर्व्हिसवाल्याला बोलावू नका.

जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी अ‍ॅम्प आणण्याआधी वायरमनला बोलावून सॉकेटचं तिसरं भोक खरंच कशाला जोडलंय का ते बघून घ्यावं. पुष्कळ घरांत ते नुसतं शोभेला असतं. फेज ते अर्थ जवळपास २३० आणि न्यूट्रल ते अर्थ दोनेक व्होल्ट दिसले तर ठीक. पण हे मीटरचं माप झालं, अर्थ भार पेलतो का तेही त्याच्याकडून तपासून घ्या. डीपीत (घरच्या विजेच्या पेटीत) ३० मिलिअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, नसेल तर आधी ती. केबलवर उधळायचे पैसे इथे घाला. स्पीकरला साधी १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर माझ्या खोलीत उत्तम चालते. फक्त टोकाची एकही तार शेजारच्या टर्मिनलला लागू देऊ नका. चालू करताना अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी.

उष्णतेचं मात्र कौतुक करणार नाही. काही वाजत नसतानाही तो ४० वॅट खातो. रोज आठ तास नुसता चालू ठेवला तर महिन्याला साडेनऊ युनिटच्या वर! ऑटो ऑफ नाही, म्हणून मी हाताने बंद करतो. आईने त्यावर हौसेने विणलेला रुमाल घातला होता. समजावून तो टीपॉयवर नेला, कारण वरची जाळी झाकली की पंधरा मिनिटांत हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाला) हात लावता येत नाही. वर चार बोटं मोकळी जागा ठेवाच.

कंपनीला दोन गोष्टी लिहून कळवल्या आहेत: मॅन्युअलमध्ये घूं आवाजावर एक पान द्या, आणि पिन तोडायला सांगणाऱ्या तंत्रज्ञांना आवरा. पहिलीवर ‘नोंद घेतली’ असं उत्तर आलं. दुसरीवर काहीच नाही, म्हणून या आठवड्यात परत लिहिलं आहे.